दुसऱ्या पानाची किंमत

३ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर. टपालाचं वजन वाढवत नाही.

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांत चार ओळी, म्हणजे सव्वादोन वर्षांना एक. घाईत लिहिलंस असं तुला कुणी म्हणणार नाही. तुझ्या वहिनीनं ते आधी वाचलं, मग उलटून मागची बाजू बघितली, मग पाकिटात फुंकर मारून आत आणखी काही चिकटलंय का ते पाहिलं.

"एवढंच?" म्हणाली.

"सूत्र असंच असतं," मी म्हटलं. "भाष्य आपण करायचं."

तर सूत्र असं. शेजारचा चष्मेवाला आपला गाळा मागतोय. त्यातला अर्धा तुझा. डार्करूम पुढे चालवायची तर काय खर्च, ती मोडून मोठ्या मापाचं डिजिटल आणायचं तर काय खर्च, हे मी समोरासमोर मांडून पाठवायचं. ते वाचून तू एप्रिलअखेर ठरवणार, गाळा ठेवायचा की विकायचा. न्यायाधीश तू, कारकून मी आणि आरोपी ती मागची काळी खोली. फिल्म आठ बाय दहा इंच, खोली आठ बाय दहा फूट. बाबांना प्रमाणबद्धतेचं वेडच होतं. मी चोपन्न वर्षांचा आहे आणि त्यातली तीस त्या खोलीत गेली. ती गेली तर सकाळी दहा वाजता मी कुठे जायचं, हा खर्च कोणत्या रकान्यात टाकायचा ते तू लिहिलेलं नाहीस. म्हणून सोडून देतो.

पहिली अडचण नाण्याची. तुझ्याकडचं नाणं वेगळं, इथलं वेगळं, आणि दोघांचे भाव रोज सकाळी भांडतात. म्हणून मी एक माप ठरवलंय: पान. आपल्या कृष्णधवल फिल्मचं आठ बाय दहाचं एक पान. संस्कृतचा एम.ए. वाया गेला असं बाबा म्हणायचे. बघ, परिभाषा करायला तरी उपयोगी पडला.

डार्करूमचा रकाना. कॅमेरा बाबांचा, त्याच्या भात्याला दोन ठिगळं माझ्या हातची, भिंग अजून निर्दोष. किंमत शून्य. चित्र मोठं करणारा एन्लार्जर लागतच नाही. निगेटिव्ह एवढी मोठी, की ती कागदावर ठेवायची, वर काच दाबायची, बल्ब लावायचा आणि आकडे मोजायचे. वर्षाला फिल्मची चाळीस पानं. रसायनं महिन्याला सहा, म्हणजे वर्षाची बहात्तर. पाणी आणि वीज मिळून अठ्ठेचाळीस. प्रिंट तासभर वाहत्या पाण्यात धुवावी लागते, आणि पाणी आता फुकट वाहत नाही. कागदाचं शंभराचं खोकं दहा पानांना पडतं. वर्षाला सात खोकी, सत्तर. एकूण दोनशे तीस.

मिळकत अडीचशेच्या आसपास. एक म्युझियम, एक म्हातारा आर्किटेक्ट आणि मधूनच एखादा हौशी पोरगा, ज्याला "जुनं काहीतरी" हवं असतं आणि जो ते बघायला माझ्याकडेही टक लावतो. नफा वीस पानं. तुझ्या वहिनीची शाळेतली नोकरी नसती तर आम्ही ती वीस पानं उकडून खाल्ली असती.

डिजिटलचा रकाना पुढच्या पत्रात. त्यासाठी शत्रूच्या छावणीत जाऊन यावं लागेल.

कारकून,
दादा


९ मार्च

धाकट्या,

जाऊन आलो. स्टेशनरस्त्यावर एकानं नवा स्टुडिओ काढलाय. काचेचं दार, आत शिरताना पायातलं काढावं की काय असं वाटावं इतकं स्वच्छ. तुझ्या वहिनीला मुद्दाम नेलं. एकटा गेलो असतो तर त्यानं मला गॅसची टाकी बदलायला आलेला समजलं असतं.

माणूस भला आहे. मी कोण ते कळल्यावर म्हणाला, "काका, तुम्ही अजून अंधारात काम करता?" मी म्हटलं, "हो, पण जाणूनबुजून." तो हसला नाही. विनोद त्याच्या यंत्रात भरलेला नसावा.

मग त्यानं सगळं दाखवलं. तुला ते ठाऊक आहेच, तू त्यातच पोट भरतोस. तरी कारकुनाचं काम करतो. मोठ्या सेन्सरची ती पाठ, कॅमेऱ्याच्या मागे लावायची: तीन हजार पानं. वापरलेली घेतली तर नऊशे. संगणक दीडशे, पडदा ऐंशी, मोठा प्रिंटर तीनशे. शाईचा पूर्ण संच दोनशे, आणि तो वर्षभरात संपतो, छापलं नाही तर वाळून संपतो. यंत्र दर पाचसहा वर्षांनी म्हातारं होतं. बाबांचा कॅमेरा ऐंशीचा आहे आणि अजून बिनचष्म्याचा. मी वर्षाला चाळीस पानं उडवतो. तीन हजार पानांची ती पाठ फिल्मच्या बचतीतून वसूल व्हायला पंचाहत्तर वर्षं लागतील. तेव्हा मी एकशे एकोणतीस वर्षांचा असेन आणि उरलेल्या आयुष्यात निव्वळ नफाच नफा.

इथपर्यंत डार्करूम जिंकत होती. मी तुझ्या वहिनीकडे बघून मिशीतल्या मिशीत हसत होतो.

मग तो तिला म्हणाला, "काकू, बसा ना इथे." आणि तिला स्टुलावर बसवून त्यानं एका मिनिटात चाळीस फोटो काढले. ती मधेच पदर सावरत होती, मधेच "अरे थांब, केस" म्हणत होती, मधेच माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती. चाळीसच्या चाळीस पडद्यावर आले. बाराव्यात डोळे मिटलेले, एकोणिसाव्यात ती चक्क सुंदर, तेविसाव्यात माझ्या सासूबाई.

"हे चाळीस केवढ्याला पडले?" मी विचारलं.

"केवढ्याला म्हणजे? फुकट, काका. एकदा यंत्र घेतलं की पुढचं सगळं फुकट."

ते लिहून घेतलं. डिजिटलमध्ये पहिलं चित्र तीन हजार पानांना पडतं आणि दुसरं फुकट असतं. आपल्याकडे पहिल्यालाही एक पान आणि दुसऱ्यालाही एक. म्हणून बाबांनी नियम केला होता: एक माणूस, एक पान. नीट बघा, नीट मोजा, एकदाच काढा.

परत येताना बसथांब्यावर तुझ्या वहिनीला तिची जाऊ आठवली. मग म्हणाली, "धाकटीचे असे चाळीस असते तर."

बस आली.

दोन्ही रकाने आता तुझ्यासमोर आहेत. माझं मत विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. डार्करूम स्वस्त आहे. राहू दे.

दादा


२१ मार्च

धाकट्या,

या खेपेला दोनच ओळी, पण बारा दिवसांत! हा वेग टिकला तर आपण म्हातारपणी गप्पा मारू.

तू विचारतोस: "वर्षाला चाळीस निगेटिव्हना तीन खोकी कागद पुरतो. तू सात घेतोस. चार खोकी कुठे जातात?"

बाबा म्हणायचे, धाकट्याला हिशेब येत नाही. बाबांचं चुकलं.

कारणं अशी. एक, चाचणीच्या पट्ट्या. भाताचं एक शीत चेपून अख्खं भांडं शिजलं का ते ओळखायचं, त्याला शास्त्रात स्थालीपुलाकन्याय म्हणतात. आपण कागदाची पट्टी चेपतो. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, म्हणून हल्ली एका शिताऐवजी मूठभर लागतात. दोन, कपाट दमट आहे. ओल धरून कागदाला ठिपके पडतात, खोक्याच्या खोक्याला. तीन, कागदही पूर्वीचा राहिला नाही. चौथं कारण सुचलं की कळवतो.

पुढच्या वर्षापासून तीन खोक्यांत भागवतो. मग नफा वीसचा साठ होईल. तेवढ्यावर गाळा राहू दे.

दादा


२३ मार्च

धाकट्या,

परवाचं पत्र खोटं आहे. ते तुला आज मिळालं असेल तर बाजूला ठेव, आणि अजून मिळालं नसेल तर आल्यावर फाडून टाक.

झालं असं, की पत्राची कच्ची प्रत टेबलावर राहिली होती आणि तुझ्या वहिनीनं ती वाचली. ती हातात घेऊनच स्वयंपाकघरातून आली.

"कपाट दमट?" म्हणाली. "त्या कपाटात मला वीस वर्षं एक चादर ठेवू दिली नाहीस. का, तर कागद कोरडा राहिला पाहिजे."

मी तिच्या हातातली प्रत काढून घेतली.

"दर रविवारी दार लावून बसतोस. मला वाटायचं, करू दे, धाकटीची एक धड प्रिंट निघाली की धाकट्याला पाठवील. त्याला माहीत तरी आहे का, ती निगेटिव्ह शिल्लक आहे?"

"नाही."

"तू काय सांगितलंयस त्याला?"

"टाकून दिली म्हणून."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. "मी समजत होते तू तिला जपतोयस," म्हणाली. "तू तर लपवतोयस."

तर आता हिशेब नीट करतो. चार खोकी म्हणजे वर्षाला चारशे कागद. नऊ वर्षांचे छत्तीसशे. सगळे एकाच निगेटिव्हवर गेले, जिच्यात धाकटीवर पंप पडलाय. दर रविवारी सातआठ. निगेटिव्हच्या पाठीला पातळ ट्रेसिंगचा कागद लावतो, त्यावर पेन्सिलीनं पंप जिथं जिथं आहे तिथं सावली भरतो, म्हणजे पंप फिका पडावा आणि ती वर यावी. पंप फिका पडतो. तीही पडते. आजवरची सर्वांत चांगली प्रिंट तीन वर्षांपूर्वीची: त्यात तिचा डावा डोळा, कपाळाचा अर्धा भाग आणि कान पूर्ण आहेत. हनुवटीत अजून तीन बोल्ट आहेत.

वेदान्तात एक रीत सांगतात. खऱ्या वस्तूवर भलती वस्तू लादली जाते, तो अध्यारोप. ती लादलेली वस्तू विचारानं काढून टाकायची, तो अपवाद. विद्यार्थी असताना मी यावर सोळा पानी निबंध लिहिला होता आणि मला पहिला नंबर मिळाला होता. निबंध लिहिणं सोपं होतं. छत्तीसशे कागदांत मला तो अपवाद एकदाही साधला नाही.

आता ते, जे तुला माहीत नाही. मी हे एका दमात लिहिणार आहे. अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

बाबांची रीत तुला आठवत असेल. आपल्या लाकडी होल्डरात फिल्मचं एक पान, वर सरकती पाटी. पाटीची एक कड काळी, एक पांढरी. बाबा म्हणायचे, काळी कड बाहेर म्हणजे आत अजून अंधार आहे, पान कोरं. पांढरी बाहेर म्हणजे उजेड लागून गेला. तू बाहेर शिकून आलास आणि पहिल्याच दिवशी म्हणालास, "बाबा, जगभर उलटं आहे. पांढरं म्हणजे कोरं, काळं म्हणजे वापरलेलं." बाबा म्हणाले, "असेल. जग आपल्याकडे होल्डर भरायला येत नाही." ते गेल्यावरही मी त्यांच्या रीतीत राहिलो आणि तू जगाच्या. दोघंही हट्टी, एकानं बदलायचं असं कुणालाच वाटलं नाही. त्याऐवजी आपण शहाणपणा केला: माझ्या होल्डरांच्या ओठाला कानशीनं एक खाच, तुझ्यांना दोन. माझं फडताळ उजवं, तुझं डावं. खाच फिल्मच्या काठावरही उमटते, म्हणजे धुतल्यावरसुद्धा कळतं, कुणाच्या होल्डरातली. बारा वर्षं त्यात एकदाही चूक झाली नाही. त्याचा मला अभिमान होता.

धाकटीला इस्पितळात न्यायच्या आदल्या दिवशी तू तिचा फोटो घेतलास. खिडकीशी, तीन पायांच्या स्टुलावर. फिल्मच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी एक पान काढून दिलं. तू म्हणालास, "दादा, आणखी एक दे. तिचे डोळे मिटले तर?"

मी म्हटलं, "एक माणूस, एक पान. तिला सांग, डोळे उघडे ठेव."

ती हसली. "भाऊजी," म्हणाली, "मी आता इतकी बारीक झालेय की अर्ध्या पानात मावेन. उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या कुणाला तरी घ्या."

आपण तिघंही हसलो. खोक्यात तेव्हा आणखी अकरा पानं होती. मी मोजली होती.

तू फोटो घेतलास, पाटी तुझ्या रीतीनं काळी कड बाहेर करून लावलीस आणि होल्डर डाव्या फडताळात ठेवलास. सगळं बरोबर केलंस. मी हे पुन्हा लिहितो: तू सगळं बरोबर केलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिला घेऊन गेलास आणि इथे पंपाच्या कारखान्याची गाडी दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली. त्यांच्या कॅटलॉगसाठी नवा पंप हवा होता आणि त्याची दोन पानं. धोका नको म्हणून दोन. पैसे कारखाना देणार होता, त्यामुळे मी हरकत घेतली नाही. माणसाला एक, पंपाला दोन. माझा भरलेला होल्डर एकच होता. दुसरा भरायला अंधारात पाच मिनिटं लागतात. हॉर्न वाजत होता. मी डाव्या फडताळात हात घातला. काळी कड बाहेर. माझ्या रीतीनं, कोरं. बोटाला दोन खाचा लागल्या. लागल्या, धाकट्या. बोटाला कळलं आणि मी थांबलो नाही.

पहिलं पान माझ्या होल्डरातलं, दुसरं तुझ्या. कॅमेरा जागचा हलवला नाही, पंपही नाही.

संध्याकाळी धुतलं. फिक्सरमधून काढून दिव्यासमोर धरलं तर पंपाच्या आत ती बसली होती.

चार रात्री न झोपता तू इस्पितळातून आलास. मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल, मला आहे. मी म्हणालो, "तू तिला माझ्या होल्डरात घेतलंस. उजव्या फडताळात ठेवलंस. काळी कड बघून मी कोरं समजलो." तू भिंतीला टेकलास. थोडा वेळ विचार केलास. आणि म्हणालास, "असेल, दादा."

निगेटिव्ह मागितलीस तेव्हा मी सांगितलं, टाकून दिली. काठावर दोन खाचा होत्या. तू नुसतं बोट फिरवलं असतंस तरी पुरे होतं.

ती तुला विचारायची, फोटो कसा आलाय. तू सांगायचास, छान आलाय, वाळतोय. सोळा दिवस तू तिला हे सांगत होतास आणि मी खुर्चीत बसून ऐकत होतो. सतराव्या दिवशी सांगायला कुणी उरलं नाही. महिन्याभरात तू परदेशी गेलास, आणि फिल्मला पुन्हा हात लावला नाहीस. लोक विचारायचे, धाकट्यानं डिजिटल का धरलं? मी सांगायचो, जमाना बदलला. मला कारण माहीत होतं. ज्या यंत्रात एकावर दुसरं पडूच शकत नाही, असं यंत्र तू शोधलंस.

सोबतच्या पाकिटात दोन निगेटिव्ह आहेत. दोन खाचांची ती. एका खाचेची नुसत्या पंपाची, त्याच जागेवरून, त्याच उजेडात. तुझ्या यंत्राला वजाबाकी येते असं तो स्टुडिओवाला सांगत होता: एकातून दुसरं वजा केलं की उरतं ते खरं. एका दुपारचं काम आहे म्हणाला. हे मला गेली पाच वर्षं ऐकून माहीत होतं. पाच वर्षं मी पेन्सिलीला टोक काढत बसलो, कारण ती सरळ करायची तर तुझ्या हाती द्यायला हवी होती.

गाळ्याच्या निर्णयाशी याचा संबंध जोडू नकोस, असं लिहिणार होतो. जोड.

दादा


३० एप्रिल

धाकट्या,

पार्सल काल पोचलं. सही करून मी घेतलं, उघडलं तुझ्या वहिनीनं. तिनं कात्रीनं नाही, नखानं एकेक पट्टी सोडवली. आत काय असेल याचा तिनं महिनाभर विचार केला होता. भिंतीवरची जागाही ठरवली होती, मला न सांगता. तिथला खिळा मी काल पाहिला.

वर गाळ्याचा कागद होता. विकायला संमती, तुझी सही. बरं झालं. डिजिटल महाग की डार्करूम, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस, आणि मीही विचारत नाही.

खाली प्रिंट होती. मोठी, दोन हातांत धरावी लागते इतकी. तिनं कागद बाजूला केला आणि बघत राहिली.

"हे काय?" म्हणाली.

पंप होता. नुसता पंप. इतका स्वच्छ पंप मी जन्मात पाहिला नाही. प्रत्येक बोल्टचे सहाही कोपरे, झडपेवरचा रंगाचा ओघळ, बिडावरचे ओतीव दाणे. मागे पेन्सिलीनं लिहिलंयस: "हे तुझं." दोन्ही पत्रं तू टाइप करून पाठवली होतीस, तुझं हाताचं अक्षर नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. आणखी लहान झालंय.

"आणि ती?" तुझ्या वहिनीनं विचारलं.

"ती त्याच्याकडे."

"आपल्याला एकही नाही?"

"नाही."

तिनं प्रिंट पुन्हा कागदात गुंडाळली, एखाद्या लहान मुलाला गुंडाळावं तशी, आणि आत गेली. बराच वेळ नळ चालू होता. पाणी फुकट नाही, असं मी म्हणालो नाही.

मग मी भिंग घेऊन बसलो. मला वाटलं, कुठेतरी चुकला असशील. केसांची एखादी बट, कानाचा काठ, कपाळावरचा उजेड जिथे झडपेवर पडला होता ती जागा. छत्तीसशे वेळा पाहिलेलं माणूस मला पाठ आहे, कुठे शोधायचं ते मला माहीत आहे. कानाच्या जागी नट आहे. डोळ्याच्या जागी बीड आहे. एक कणही राहिलेला नाही. काम चोख झालंय. बाबा असते तर म्हणाले असते, धाकट्याचा हात साफ आहे. मीही तेच म्हणतो.

मार्चअखेरच्या रविवारी मी सवयीनं दार लावून बसलो होतो. ट्रे भरले, लाल दिवा लावला आणि मग लक्षात आलं, निगेटिव्ह नाही. तासभर बसलो. काही न करता डेव्हलपर हवेनं तपकिरी होत जातो, ते बघितलं.

चष्मेवाला आज टेप घेऊन आला होता. "दादा, ही मधली भिंत पाडू," म्हणाला, "मागे मोठी खिडकी काढू. गिऱ्हाइकाला चष्मा लावून बाहेर बघता आलं पाहिजे. काय अंधार करून ठेवलाय हो तुम्ही!" त्यानं माझ्या नाकाचंही माप घेतलं, पहिला चष्मा फुकट देणार आहे. दुसऱ्याला पैसे पडतील, हे त्यानं आधीच सांगितलं.

होल्डर कुणाला नको होते. तुझे दोन खाचांचे मी ठेवून घेतलेत. बाकीचे आणि बाबांचा कॅमेरा तो स्टुडिओवाला घेऊन गेला, दर्शनी काचेत मांडायला.

एक गोष्ट उरली. त्या दिवशी खोक्यात अकरा पानं होती असं मी लिहिलं होतं. पुढे त्यातली दहा कामाला लागली. अकरावं मी वापरलं नाही, वापरू दिलं नाही. दर वर्षी नवं खोकं आलं की जुन्यातलं ते एक पान उचलून नव्याच्या तळाशी ठेवायचो. कारण मला विचारू नकोस. चौथं कारण सुचलं की कळवीन म्हणालो होतो, ते अजून सुचलेलं नाही.

ते यासोबत पाठवतोय. काळ्या पाकिटात, पाकिटावर पाकीट. मुदत कधीच संपली आहे. बंद अंधारातसुद्धा जुनी फिल्म हळूहळू आपल्या आपण राखाडी होत जाते, त्यामुळे कुणाला समोर बसवलंस तरी धड काही येणार नाही, आणि समोर बसवायला कुणी नाही, हेही मला माहीत आहे. तू मागितलं होतंस, म्हणून देतोय. होल्डरात भरलेलं नाही. काळी कड, पांढरी कड बघायची गरज पडणार नाही.

कोरं आहे. एवढं मात्र तुला माझ्या शब्दावर खरं धरावं लागेल. तपासायला उजेडात काढलंस, तर कोरं राहणार नाही.

दादा